कूलरचा पंप, एलएम३५ आणि ७४१ : ऑप-अँप घेताना डेटाशीटमधल्या कोणत्या दोन ओळी आधी वाचाव्यात

वाळा | ११ मे, रात्री १०:४०

नागपुरातली मे महिन्यातली रात्र कशी असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी चटका लागतो. कूलरशिवाय डोळा लागत नाही, आणि पहाटे चारला तोच कूलर नकोसा होतो. चादर दमट होते, खोलीत ओल साचते, आईचे गुडघे धरतात. ती उठून पंपाचं बटण बंद करते, आणि एकदा मोडलेली तिची झोप मग काही परत लागत नाही.

म्हणून यंदा ठरवलं की खोली २८ अंशांवर उतरली की पंप आपोआप बंद व्हावा आणि ३० च्या वर गेली की चालू. पंखा रात्रभर फिरू दे. घरात एलएम३५ हा तापमान मोजणारा सेन्सर होता. तो दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट. डब्यात ७४१ हे ऑप-अँप (दोन इनपुटमधला फरक कित्येक पटींनी वाढवून देणारी चिप) पडलेले होते, कारण डिप्लोमाला सगळे प्रयोग त्याच्यावरच केले होते. १२ व्होल्टचा अडॅप्टर, ७४१ च्या एका इनपुटला एलएम३५, दुसऱ्याला प्रीसेटवरून (पेचानं फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) ३०० मिलिव्होल्ट, आउटपुटवरून ४.७ के (किलो-ओहम) रेझिस्टरमधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस, आणि त्याच्यावर १२ व्होल्टचा रिले (विजेनं चालणारा स्विच). दुपारी जोडलं, रिले टक् करून लागला, पंप सुरू झाला. मला वाटलं झालं काम.

रिले सुटलाच नाही. पहाटे टाकी रिकामी झाली, पंप कोरडा चालत राहिला आणि जळाला. सकाळी खोलीभर जळक्या व्हार्निशचा वास होता.

नवा पंप आणला आणि यावेळी घाई न करता मीटर घेऊन बसलो. एलएम३५ ला पाण्याची गार बाटली लावली, सेन्सर २५० मिलिव्होल्टवर आला. आउटपुट ‘लो’ झालं, पण मीटर म्हणतो १.९ व्होल्ट. शून्य नाही. गोम इथेच होती. १.९ मधून बेस-एमिटरचे ०.७ वजा करा, उरले १.२. त्याला ४.७ के ने भागा, ०.२५ मिलिअँपिअर बेस करंट. ट्रान्झिस्टरचा गेन (किती पट वाढ होते तो आकडा) २०० धरला तर कलेक्टरमधून ५० मिलिअँपिअर जाऊ शकतात, आणि माझ्या रिलेची कॉइल ४०० ओहमची, तिला ३० पुरतात. म्हणजे ७४१ आपल्या परीनं ‘बंद’ सांगत होता आणि ट्रान्झिस्टरला ते ‘चालू’ ऐकू येत होतं.

मग डेटाशीट (बनवणाऱ्या कंपनीचं चिपचं माहितीपत्रक) काढली. ७४१ चे आकडे ±१५ व्होल्टवर दिलेले असतात. इनपुटला चालणारा पट्टा साधारण ±१३, खात्रीचा ±१२. आउटपुट १० के लोडवर साधारण ±१४, खात्रीचं ±१२. म्हणजे दोन्ही टोकांना दोन-तीन व्होल्टची पट्टी अशी आहे, जिथे ही चिप काम करेल असं बनवणाराच म्हणत नाही. मी तिला शून्य आणि १२ मध्ये बसवलं होतं, तेव्हा इनपुटला हक्काची जागा उरली साधारण ३ ते ९ व्होल्ट. आणि मी देत होतो ०.३ व्होल्ट. आउटपुट खाली पूर्ण येत नाही ही एक चूक, आणि इनपुट मुळातच हद्दीबाहेर ही दुसरी, जास्त मोठी.

आता एलएम३५८ वापरला आहे. त्याच्या इनपुटला पीएनपी ट्रान्झिस्टर आहेत, त्यामुळे थेट ग्राउंडपर्यंतचे सिग्नल चालतात. वरच्या बाजूला मात्र सप्लायच्या १.५ व्होल्ट खालीच थांबावं लागतं, इनपुटलाही आणि आउटपुटलाही. एका चिपमध्ये दोन ऑप-अँप. पहिला ११ पट गेनचा (१० के आणि १०० के), त्यामुळे ३० अंशांना ३.३ व्होल्ट मिळतात. दुसरा तुलना करतो. त्याच्या प्लस इनपुटला १० के मधून हे ३.३ व्होल्ट, आणि आउटपुटवरून त्याच प्लसला ४७० के. आउटपुट जवळजवळ ० ते १०.५ असं हलतं, म्हणून फरक पडतो १०.५ × १० / ४७० = ०.२२ व्होल्ट. आपल्या हिशेबात एक अंश म्हणजे ११० मिलिव्होल्ट, तेव्हा हे झाले बरोबर २ अंश. मायनस इनपुटला ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारी चिप) आणि प्रीसेटवरून ३.२३ व्होल्ट. ३० ला चालू, २८ ला बंद.

चार रात्री झाल्या, पहाटे पंप बंद होतो आहे आणि आईला जाग येत नाही.

‘जनरल पर्पज’ हा शब्द वाचून आपण समजतो की चिप कुठेही चालेल. तिचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे आणि आउटपुट कुठपर्यंत पोचतं, या दोन ओळी गेन आणि बँडविड्थच्या (किती हर्ट्झपर्यंत चालते त्याच्या) आधी वाचाव्यात. तुमचे अनुभव लिहा. विशेषतः नागपूरच्या उन्हात सर्किट टिकवणाऱ्यांनी लिहावं.

---

बर्डीचा_डाग | ११ मे, रात्री ११:२५

भाऊ, हे वाचून माझेच दिवस आठवले. पाण्याच्या टाकीच्या अलार्मला मी बी ७४१ च लावला होता. बझर बंदच होत नव्हता, बारीक आवाजात कुरकुर करत राहायचा. एका दुकानदारानं सांगितलं, बेसच्या आधी ३.३ व्होल्टचा झेनर (तेवढे व्होल्ट अडवणारा डायोड) टाक. टाकला, बझर चूप झाला. पण तो इलाज आउटपुटपुरताच आहे. इनपुट हद्दीबाहेर असल तर झेनर काय करणार?

अजून एक सांगतो, पोरं हे करून राहतात म्हणून. सॉकेटमधून ७४१ काढून तिथेच ३५८ बसवू नका. दोघांनाही आठ पाय, पण ७४१ चा सप्लाय पाय ७ वर आणि आउटपुट ६ वर. ३५८ चा सप्लाय पाय ८ वर, आणि ७ हे दुसऱ्या ऑप-अँपचं आउटपुट. म्हणजे तुम्ही १२ व्होल्ट सरळ आउटपुटवर देऊन बसता. माझ्याकडे रिपेअरला आलेल्या एका बोर्डात हेच झालं होतं, चिपवर बोट ठेवलं तर भाजलं.

---

जुना_रेक्टिफायर | १२ मे, सकाळी ७:१०

७४१ ची बाजू थोडी मांडतो, कारण या चिपनं माझ्या पिढीला हा विषय शिकवला.

तिच्या आधी फेअरचाइल्डची ७०९ होती, १९६५ ची, बॉब विडलर यांनी आखलेली. फार गुणी, पण बाहेरून रेझिस्टर-कपॅसिटर लावून तिला स्थिर करावं लागे. मूल्य चुकलं की सर्किट स्वतःच ऑसिलेट व्हायला (आपोआप वर-खाली हलायला) लागायचं. विडलर मग नॅशनल सेमिकंडक्टरला गेले आणि १९६७ मध्ये एलएम१०१ आली. तिलाही बाहेरून एक कपॅसिटर लागायचाच. १९६८ मध्ये फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागर यांनी तो ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच बसवला. तीच ७४१. लावा आणि चालवा. आउटपुट शॉर्ट झालं तरी मरत नाही. शिकाऊ हातांना यापेक्षा चांगली चिप त्या काळी नव्हती.

त्या कपॅसिटरची किंमत मोजावी लागते ती वेगात. डीसीला गेन दोन लाख, पण साधारण ५ हर्ट्झपासूनच तो उतरू लागतो आणि १ मेगाहर्ट्झला एकवर येतो. दोन लाखांना पाचनं गुणा, दहा लाख हर्ट्झ. हा हिशेब एकदा कळला की कोणत्या गेनला किती बँडविड्थ उरेल ते तोंडी सांगता येतं.

त्या काळी ±१५ व्होल्टचा सप्लाय गृहीतच असे. सिग्नल शून्याच्या वर-खाली, आणि शून्य बरोबर मधोमध. त्यामुळे कडेच्या दोन-तीन व्होल्टांचं कुणाला काही वाटत नसे. एकाच सप्लायवर, बॅटरीवर किंवा गाडीत चालणारी सर्किटं वाढली तेव्हा सत्तरच्या दशकात ३२४ आणि ३५८ आल्या. वाळा यांचं सर्किट फसलं कारण चिप एका जगातली होती आणि अडॅप्टर दुसऱ्या.

---

प्रयोगवही | १२ मे, दुपारी १:४५

मी तिसऱ्या सेमिस्टरला आहे. दोन शंका आहेत, प्लीज सांगा.

१) आम्हाला शिकवलं की ऑप-अँपचे दोन्ही इनपुट नेहमी सारख्या व्होल्टेजला असतात. मग दादांच्या दुसऱ्या ऑप-अँपमध्ये एकीकडे ३.२३ आणि दुसरीकडे ३.५ कसं चालतं?

२) माझ्याकडे टीएल०७२ हा ऑप-अँप आहे. डेटाशीटमध्ये तो ७४१ पेक्षा सगळ्याच बाबतीत भारी दिसतो. ३५८ ऐवजी तो लावला तर?

---

वाळा | १२ मे, रात्री ९:०५

पहिला प्रश्न फार चांगला आहे. ‘नेहमी’ हा शब्द तेवढा खोडून टाक. ऑप-अँप स्वतःहून इनपुट सारखे करत नाही. आउटपुटवरून मायनस इनपुटला परतीचा रस्ता असेल, तर आउटपुट हलून हलून मायनसला प्लसच्या बरोबरीला आणतं. म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक हवा, आणि आउटपुटला हलायला जागा हवी. माझ्या पहिल्या ऑप-अँपमध्ये हे दोन्ही आहे, तिथे मोजलं तर दोन्ही इनपुटमध्ये एक-दोन मिलिव्होल्टचाच फरक दिसतो. दुसऱ्यात फीडबॅक प्लसला आहे. तिथे आउटपुट एका टोकाला जाऊन बसतं, इनपुट सारखे व्हायचं काही कारणच नाही.

तो एक-दोन मिलिव्होल्टचा फरक म्हणजे ऑफसेट. ३५८ ला साधारण २, जास्तीत जास्त ७ मिलिव्होल्ट. एलएम३५ च्या भाषेत ७ मिलिव्होल्ट म्हणजे ०.७ अंश. कूलरला चालतं, प्रीसेट फिरवून भरूनही निघतं. थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर) वापरणार असशील तर मात्र नाही चालणार, कारण त्यातला के-टाइप दर अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो. तिथे ओपी०७ सारखी चिप लागते. तिचा ऑफसेट मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात.

टीएल०७२ बद्दल जाणकारांनी सांगावं.

---

जुना_रेक्टिफायर | १२ मे, रात्री ९:५०

प्रयोगवही, टीएल०७२ या कामाला लावू नकोस. इनपुटला जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, करंट पिकोअँपिअरमध्ये घेते, वेग १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. सगळं खरं. पण खालच्या सप्लायपासून तीन-चार व्होल्ट वर राहिलेला सिग्नलच तिला चालतो. त्याच्या खाली गेलास तर नुसती चूक होत नाही, आउटपुट उलटं होऊ शकतं. खाली जायला हवं तेव्हा एकदम वर जातं. याला फेज रिव्हर्सल म्हणतात. तुझ्या सर्किटमध्ये याचा अर्थ असा की खोली गार झाली आणि पंप सुरू झाला.

०७२ तिच्या जागी सुंदर चिप आहे. ती जागा म्हणजे ±१२ किंवा ±१५ व्होल्टवरचा ऑडिओ.

---

टाळकरी | १३ मे, सकाळी ८:३०

ऑडिओचं निघालं म्हणून विचारतो. आमच्या भजनी मंडळासाठी पेटीच्या माइकचा प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारं सर्किट) बनवला, ३५८ वापरून, १२ व्होल्टवर. मोठ्या आवाजात ठीक वाटतं. पण पेटी हळू वाजली, सूर सुटता सुटता, की त्याला बारीक खरखर येते. सप्लाय बदलला, शील्डेड वायर लावली, फरक नाही.

---

जुना_रेक्टिफायर | १३ मे, सकाळी ११:००

हळू आवाजातच खरखर, हे वर्णन नेमकं आहे. ३५८ च्या आउटपुटला वर ढकलणारा भाग वेगळा आणि खाली ओढणारा वेगळा. दोघांमध्ये ताबा बदलताना एक छोटी फट राहते. मोठ्या सिग्नलमध्ये ती झाकली जाते, हळू सुरात कानाला टोचते. आउटपुटपासून ग्राउंडला ४.७ के चा रेझिस्टर लावून पाहा. त्यामुळे वरचाच भाग सतत काम करतो आणि ताबा बदलायची वेळ येत नाही.

कायमचं करायचं असेल तर प्रीअँपला ०७२ लावा आणि रेझिस्टरच्या जोडीनं ६ व्होल्टची मधली पातळी करून सिग्नल तिच्यावर बसवा, म्हणजे वर म्हटलेली खालची हद्द आड येत नाही. ७४१ कडे वळू नका. तिचा वेग ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. १० व्होल्ट पीकचा साइन वेव्ह तिला ८ किलोहर्ट्झपर्यंतच धड देता येतो, त्यापुढे त्याचा त्रिकोण होतो. प्रीअँपला १० व्होल्ट लागत नाहीत हे खरं, पण गोंगाटाच्या बाबतीतही ती ०७२ च्या मागेच आहे.

---

अर्थिंग_आधी | १३ मे, दुपारी ४:२०

मी वायरिंगची कामं करतो. ऑप-अँपमधलं मला फार कळत नाही, पण कूलर कळतो. लोखंडी बॉडी, खाली पाणी, ओले हात, अनवाणी पाय. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान लेकरंही जातात. म्हणून कळकळीनं सांगतो.

कूलरच्या बॉडीला अर्थिंग पाहिजेच, आणि ते बोर्डापर्यंत नाही, जमिनीपर्यंत पोचलेलं पाहिजे. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) लावा. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. टाकीत पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका.

सर्किट बनवणाऱ्यांसाठी : अडॅप्टर आयसोलेटेड (मेन्सपासून तुटक) घ्या. कपॅसिटरवरून २३० व्होल्ट उतरवणारा बिनट्रान्सफॉर्मरचा सप्लाय इथे लावू नका, कारण त्यात तुमच्या सेन्सरच्या तारेतही मेन्स असतो. रिलेच्या मेन्सकडच्या आणि सर्किटकडच्या पट्ट्या बोर्डावर लांब ठेवा.

---

वाळा | १३ मे, रात्री १०:१५

अर्थिंग_आधी, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. आमच्याकडे आरसीसीबी नव्हता. उद्याच बसवून घेतो. पहिल्या पोस्टमध्येच हे लिहायला हवं होतं.

---

भर_उन्हात | १४ मे, सकाळी ६:५५

उन्हात टिकवायचं विचारलंत म्हणून. गच्चीवरच्या टाक्यांची आणि सोलरची कंट्रोल बोर्डं मी बरीच केली आहेत.

एलएम३५८ ची खात्री ० ते ७० अंशांपर्यंत आहे. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता, आणि तो सावलीतला. पत्र्याचा डबा थेट उन्हात असेल तर आतलं तापमान सहज ७० च्या आसपास जातं. अशा जागी एलएम२९०४ घ्या. पाय तेच, स्वभाव तोच, पण खात्री १२५ अंशांपर्यंत. सप्लाय मात्र २६ व्होल्टच्या आत ठेवा, ३५८ ला ३२ चालतात. खोलीतल्या सर्किटला ३५८ पुरेसा आहे.

उन्हात आधी ऑप-अँप जात नाही, आधी स्वस्त प्रीसेट सरकतो. वाळा यांनी रेफरन्स ७८०५ वरून घेतला ते बरं केलं. अडॅप्टरच्या १२ व्होल्टवरून घेतला असता तर संध्याकाळी लाइन खाली आली की २८ चे २७ झाले असते.

आता सेन्सरची तार. खोलीतलं तापमान मोजायचं तर एलएम३५ कूलरच्या झोताबाहेर, समोरच्या भिंतीवर चार-पाच फुटांवर हवा. म्हणजे तार लांब होते, आणि एलएम३५ ला आउटपुटवर कपॅसिटन्स सोसत नाही. ५० पिकोफॅरडच्या पुढे त्याची खात्री नाही, आणि शील्डेड वायर एका मीटरलाच त्याच्या पुढे जाते. मग तो ऑसिलेट होतो, आणि मीटरवर तापमान तीन-चार अंश चुकीचं पण अगदी स्थिर दिसतं. इलाज सोपा आहे. सेन्सरच्या पायाशीच २ के चा रेझिस्टर तारेच्या आधी लावा, आणि ऑप-अँपच्या टोकाला ग्राउंडकडे १० मायक्रोफॅरड. यामुळे साधारण ८ हर्ट्झच्या वरचं उतरत जातं, मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुणसुद्धा. ३५८ चा इनपुट करंट ४५ नॅनोअँपिअरच्या आसपास, २ के वर त्याची चूक ०.०९ मिलिव्होल्ट. अंशाच्या शंभराव्या भागाएवढी, सोडून द्या.

मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, ते आठवत असेल. नंतर सेन्सरमधला बिघाड असल्याचं जाहीर झालं. माझ्या बोर्डावर असा विचित्र आकडा आला की मी आधी सेन्सरच्या पायाशी मीटर लावतो, मग ऑप-अँपच्या इनपुटला, मग आउटपुटला. ज्या दोन जागांमध्ये आकडा बदलला, बिघाड तिथेच.

---

एकच_बटण | १४ मे, दुपारी १२:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) का नाही? एलएम३५ सरळ अॅनालॉग पिनला जोडा, दोन ओळींचा प्रोग्राम. २८ चे २७ करायचे तर आकडा बदलायचा.

---

बर्डीचा_डाग | १४ मे, दुपारी २:१०

जमते ना भाऊ, मी बी करतो. पण तिथेही ऑप-अँप सुटत नाही. ५ व्होल्टला १०२४ पायऱ्या म्हणजे एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, एलएम३५ चा अर्धा अंश. आधी ११ पट केलं तर तीच पायरी अंशाच्या विसाव्या भागावर येते. फक्त ५ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, ११ पटीत ४५ अंशांनाच ४.९५ होतात, आणि आपल्याकडे ४५ म्हणजे रोजचंच. गेन ८ च्या आसपास ठेवा.

आणि नुसती तुलनाच करायची असेल तर एलएम३९३ बी पाहा. तो त्याच कामासाठी बनला आहे, झटकन पलटतो. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे फक्त खाली ओढतं, वर ओढायला रेझिस्टर विसरला तर काहीच मिळत नाही.

---

प्रयोगवही | १६ मे, रात्री ११:४०

काल बर्डीच्या बाजारातून दोन ३५८ आणले आणि आज ब्रेडबोर्डवर जोडलं. सप्लायच्या पायाजवळ १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर नव्हता तोवर रिले लागताना दोन-तीनदा फडफडत होता. लावला आणि थांबला.

मग मुद्दाम दोन्ही चिप तपासल्या, तेच सर्किट, तोच रिले, एकदा ७४१ आणि एकदा ३५८, दोन्हींना तेच इनपुट. ‘लो’ असताना ७४१ च्या पाय ६ वर १.८६ व्होल्ट, ३५८ च्या पाय ७ वर ०.०२. ७४१ ला रिलेची पट्टी चिकटूनच राहिली, ३५८ ला सुटली. दोन्हींचे फोटो काढून वहीत चिकटवले आहेत, सरांना दाखवणार आहे.

एक शंका उरली. पाय ७ वरून जास्त करंट खाली ओढला तर ०.०२ टिकत नाही, मी १ के वरून ५ व्होल्ट जोडून पाहिले तर ०.७ च्या आसपास गेलं. असं का?

---

जुना_रेक्टिफायर | १७ मे, सकाळी ६:३०

छान पकडलंस. ग्राउंडपर्यंत नेणारा जो आतला भाग आहे तो सुमारे ५० मायक्रोअँपिअरच ओढू शकतो. तू चार मिलिअँपिअर ओढायला लावलेस, तेव्हा दुसरा, दणकट ट्रान्झिस्टर पुढे आला, आणि त्याला आपला ०.७ व्होल्टचा वाटा लागतो. वाळा यांच्या सर्किटमध्ये ‘लो’ असताना ४७० के मधून जेमतेम ७ मायक्रोअँपिअर येतात, म्हणून तिथे शून्य मिळतं. तरीही बेस आणि एमिटरमध्ये १० के लावून ठेव.

---

वाळा | १८ मे, सकाळी ७:१५

१० के लावला. आरसीसीबी बसला, अर्थिंग तपासून घेतलं, ते मधेच तुटलेलं निघालं. सेन्सर समोरच्या भिंतीवर नेला, पायाशी २ के सकट. झोताबाहेर नेल्यावर आकडा दोन अंश वर गेला.

काल रात्री जागून पाहिलं. ४:२० ला पहिल्या ऑप-अँपचं आउटपुट ३.०८ वर आलं आणि रिले सुटला. टाकीतलं पाणी अर्ध्याच्या वर होतं. आई सहाला उठली.